दाखला बांधणाऱ्याचा, विमानाचा नव्हे
वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेत घरी बांधलेलं विमान विकत घेतलं की त्याचा रिपेअरमन दाखलाही, म्हणजे त्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करायचा परवानाही, सोबत मिळतो. तसं नाही हो. एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, तो दाखला मुख्य बांधणाऱ्याला देते, तोही त्याच एका विमानापुरता. विमान विकलं तरी दाखला त्याच्याकडेच राहतो. नव्या मालकाला नट-बोल्ट आवळायला, तेल बदलायला कुणाची आडकाठी नाही. पण दर १२ महिन्यांच्या तपासणीवर सही करायला ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक किंवा नियमाने पात्र असा दुसरा कुणी गाठावा लागतो.

विमान हौशी माणसाने बांधलेलं मानलं जावं यासाठीचा ५१ टक्क्यांचा नियमही 'अर्धा खर्च आपला' असा नाही. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेलं हवं. मित्राच्या गॅरेजमध्ये पंखाच्या रिब्जना (आतल्या आडव्या फासळ्यांना) रिव्हेट मारताना मी फोटो काढायचो, तेव्हा तो ओरडायचा, "हात दिसू दे रे, नुसता पंख नको!" रोजची नोंदवही आणि हातासकट फोटो हाच पुरावा.

कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं, म्हणून आपल्याकडे हे नियम नीट समजून घ्यावेत असं मला फार वाटतं.