मदत हवी आहे : अंदमान, दोघंच, 5 रात्री, आणि बायकोला बोट लागते

लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून डिसेंबरमध्ये दोघंच अंदमानला चाललोय, पोरगी आजीकडे. विमानाची तिकिटं झालीत, आता घोडं अडलंय फेरीवर. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बेट दीड-दोन तास तरी लागतात म्हणे आणि आमच्या हिला गेटवे-मांडवा लाँचमध्येच लागलं होतं, तासाभरात हातात आल्याची वडी आणि प्लास्टिकची पिशवी, मांडव्याला उतरल्यावर माझ्याशीच अबोला, जणू लाटा मीच सोडल्या! तर सकाळची फेरी कमी हलते का? गोळी किती आधी घ्यायची?

दुसरं, हॅवलॉकला 3 रात्री करून नील बेट सोडून द्यावं का? तिला तो ओहोटीला दिसणारा दगडी पूल बघायचाय, पण मग अजून दोन वेळा बोट. हॅवलॉकच्या राधानगर बीचचा सूर्यास्त तिकडे पाचच्या आसपासच होतो ना, म्हणजे दुपारची फेरी धरली तर तो दिवस गेलाच.

पहिला दिवस सेल्युलर जेलला ठेवलाय, आईने बजावलंय सावरकरांच्या कोठडीत डोकं टेकवल्याशिवाय परत यायचं नाही.

जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, आज रात्री फेरी बुक करायचीय.