म्हैसमाळला तीन भावंडांनी मिळून घर घ्यावे का? काही आठवडे स्वतः राहायचे, उरलेले दिवस भाड्याने द्यायचे (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी परभणीला आई-बाबांसोबत राहतो, थोरला दादा नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि ताईचे सासर छत्रपती संभाजीनगरला आहे. दिवाळीला आणि मुलांच्या सुट्टीत सगळे परभणीच्या घरी जमतात, पण नातवंडे मोठी झाल्यापासून ते घर अपुरे पडते. त्यामुळे तिघांनी पैसे एकत्र करून म्हैसमाळला एक घर घ्यावे, वर्षातले काही आठवडे सर्वांनी तिथे राहावे आणि उरलेल्या दिवसांत ते पर्यटकांना भाड्याने द्यावे, असा विचार सुरू आहे. म्हैसमाळ हे खुलताबादजवळचे थंड हवेचे ठिकाण ताईच्या घरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे आणि मराठवाड्यात पावसाळ्यात धुके अनुभवता येईल अशी ठिकाणे मोजकीच आहेत, म्हणून ही जागा निवडली.

पाहिलेल्या घरांपैकी एक मनात भरले आहे. मंजूर लेआउटमधल्या बिनशेती प्लॉटवरचे हे तीन खोल्यांचे, पुढे ओसरी असलेले बैठे घर असून मालक 54 लाख रुपये मागत आहेत. दुसरा पर्याय खुलताबाद आणि वेरूळच्या दरम्यान मोकळा प्लॉट घेऊन बांधकाम करण्याचा आहे. दोन्हींबद्दल माझे काही प्रश्न आहेत. ज्यांनी असे घर घेतले आहे, चालवले आहे किंवा विचारपूर्वक नाकारले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी हिशेब मांडतो, कारण आमच्यातला मुख्य मतभेद त्यावरच आहे. प्रत्येकी 8 लाख याप्रमाणे 24 लाख आम्ही उभे करू शकतो आणि उरलेल्या 30 लाखांचे कर्ज घ्यावे लागेल. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे 26 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख 12 हजार रुपये होतो. मुद्रांक शुल्क, 30 हजारांची नोंदणी फी आणि सामानसुमान यांचा खर्च वेगळाच, आणि मुद्रांक शुल्कासाठी बँक कर्ज देत नाही. दादाचे म्हणणे असे की हप्ता भाड्यातून निघेल आणि घर आपोआप आपले होईल. मला हे पटत नाही.

माझा अंदाज असा आहे. जुलै ते सप्टेंबर हा म्हैसमाळचा खरा हंगाम, पण संभाजीनगरहून येणारी बहुतेक मंडळी भजी आणि कणसे खाऊन संध्याकाळी घरी परततात. मुक्कामाला थांबणारा पाहुणा नाशिक, पुणे, मुंबई, जालना अशा लांबच्या गावांहून येणारा असेल. पावसाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या 26 रात्रींपैकी 16 भरतील असे मी धरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा वेरूळ-अजिंठा पाहण्याचा काळ, त्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या 42 रात्रींपैकी निम्म्या, म्हणजे 21. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा मिळून आणखी 8. मार्च ते मे शून्य. एकूण 45 रात्री आणि संपूर्ण घराचे रात्रीला 6,000 रुपये, म्हणजे 2 लाख 70 हजार रुपये. त्यातून घर सांभाळणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार 1 लाख 20 हजार, बुकिंग संकेतस्थळांचे कमिशन सुमारे 40 हजार आणि टँकर, वीज, चादरी धुणे, पावसाळ्याआधीची डागडुजी यांचे 70 हजार वजा केले की हातात 40 हजार उरतात. हप्त्यासाठी तिघांना दरवर्षी प्रत्येकी 90 हजारांहून अधिक रक्कम खिशातून भरावी लागेल.

यातही एक अडचण आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिच्यातच आहे. दिवाळी आणि डिसेंबरच्या ज्या 8 रात्री मी भाड्याच्या रकान्यात धरल्या, त्याच रात्री आम्हाला स्वतःला हव्या आहेत. मुलांच्या शाळेला सुट्टी तेव्हाच असते, दादाला रजा तेव्हाच मिळते आणि हे घर घेण्याचे कारणच मुळी ते एकत्र येणे आहे. त्या रात्री आम्ही राहिलो तर 48 हजार रुपये बुडतात आणि उरलेले 40 हजारही जातात. श्रावणाचेही तसेच आहे. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारी पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, घृष्णेश्वरला सोमवारी गर्दी असते आणि आईला याच दिवसांत दोन्हीकडे दर्शनाला जायचे असते. आपल्या घरातली हवीहवीशी वेळ आणि भाडेकरूची हवीहवीशी वेळ एकच असेल तर भाऊ-बहिणीत तारखांवरून कुरबुर होऊ नये यासाठी इतरांनी काय केले, हे मला सर्वात आधी जाणून घ्यायचे आहे. माझे स्वतःचे मत असे की हे घर कुटुंबाचा खर्च समजूनच घ्यावे, भाडे हा केवळ देखभालीला हातभार मानावा आणि तेवढ्यावर तिघांची तयारी नसेल तर घेऊच नये.

आता कागदपत्रे. मराठवाड्यात जमिनीचा इतिहास तपासताना निजामकाळापर्यंत मागे जावे लागते. सध्याचा सातबारा स्वच्छ दिसला तरी 1954-55 चे खासरा पत्रक, त्यानंतरची पाहणी पत्रके (दोन्ही जमीन आणि कब्जेदारांच्या जुन्या नोंदी) आणि प्रत्येक फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, पाहिल्याशिवाय जमीन मुळात कोणाची होती हे कळत नाही. खुलताबाद परिसरात देवस्थानाच्या, दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी बऱ्याच आहेत, तेव्हा ही जमीन इनामी किंवा वक्फकडे नोंदलेली तर नाही ना, हे पाहावे लागेल. शिवाय हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 खाली संरक्षित कुळाला मिळालेली जमीन पुढे विकली गेली असेल, तर त्या वेळी परवानगी घेतली होती की नाही हा प्रश्न राहतोच. मालकांनी दाखवलेल्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-1 (म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध नसलेली जमीन) आहे, परंतु ‘इतर हक्क’ या रकान्यात एका जुन्या फेरफाराचा क्रमांक कंस करून ठेवलेला आहे. कंस म्हणजे ती नोंद कमी झाली, असे मालक सांगतात. तलाठी कार्यालयातून त्या फेरफाराची नक्कल अजून हाती आलेली नाही. वकिलांकडून 30 वर्षांचा शोध अहवाल आम्ही घेणार आहोत, पण 30 वर्षांमागचे हे कागद त्यात येत नाहीत. ते पाहण्यासाठी स्वतंत्रपणे कोणाची मदत घ्यावी? जुनी नोंद उर्दूत असल्यास तिचे भाषांतर ग्राह्य धरले जाते का?

मोकळ्या प्लॉटच्या पर्यायात आणखी एक धोका आहे. वेरूळची लेणी आणि खुलताबादमधील अनेक मकबरे ही संरक्षित स्मारके असून, प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते. प्लॉट विकणारे एजंट याचा उल्लेखही करत नाहीत. मोजणी नकाशावर हे अंतर कोणाकडून प्रमाणित करून घ्यावे, हे कोणी सांगू शकेल का? खरे सांगायचे तर बांधकामावर देखरेख ठेवायला ताईशिवाय जवळ कोणी नाही आणि तो भार एकट्या तिच्यावर टाकणे योग्य वाटत नाही, त्यामुळे माझा कल तयार घराकडेच आहे.

तयार घरातले पाणी आणि ओल या दोन गोष्टींची मला काळजी वाटते. आवारात बोअर आहे, पण शेजारच्या चौकीदाराने सांगितले की होळीनंतर मोटार लावली की थोडा वेळ पाणी येते आणि नंतर नुसती हवा. जमिनीखालची टाकी 20 हजार लिटरची आहे. आठ पाहुणे असले आणि माणशी 135 लिटर धरले, तर दिवसाला साधारण 1,100 लिटर लागतील, म्हणजे भरलेली टाकी सलग 18 दिवस पुरेल. छप्पर सुमारे 100 चौरस मीटरचे आहे. त्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी मिळते, म्हणून हंगामात 600 मिलिमीटर पाऊस धरला तरी 60 हजार लिटर होतात. तेव्हा आणखी एक मोठी टाकी बांधून छपराचे पाणी साठवणे बोअर अधिक खोल नेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरेल, असे मला वाटते. त्या पठारावरच्या काळ्या पाषाणात खोल बोअर घेतलेल्यांचा अनुभव काय आहे?

ओलीबद्दल असे की घराला आतून नुकताच रंग दिला आहे, मात्र पश्चिमेच्या खोलीतले कपाट थोडे पुढे ओढले तेव्हा मागची भिंत फुगलेली दिसली, गिलाव्यावर पांढरा क्षार उठला होता आणि बोट लावताच पापुद्रा सुटून आला. पावसाचा मारा तिकडूनच बसतो. बाहेरून जलरोधक थर दिल्याने हे थांबते की पायथ्याशी चर खणून पाणी वळवावे लागते, याबद्दल बांधकाम क्षेत्रातल्या सदस्यांचे मत हवे आहे. घर महिनोन्महिने बंद राहिल्यास वाळवीचा आणि वानरांचा उपद्रव कितपत होतो, हेही सांगावे.

परवानग्यांबाबत माझा गोंधळ आहे. बिनशेती आदेशात ‘निवासी प्रयोजन’ असे लिहिले आहे. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाने त्याच घरात राहणे अपेक्षित असते आणि कृषी पर्यटनासाठी शेती व शेतकरी असणे आवश्यक असते. आमचे घर या दोहोंत बसत नाही. अशा घराची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी कोणत्या प्रकारात होते आणि महावितरण घरगुती दर लावते की व्यापारी? ताईच्या नावाने व्यवसाय नोंदवल्यास राज्याच्या 2023 च्या ‘आई’ पर्यटन धोरणातील 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज परताव्याचा लाभ मिळू शकेल का, की तो घरखरेदीच्या कर्जाला लागू होत नाही? उलाढाल 20 लाखांच्या खूप खाली असल्याने जीएसटी नोंदणीची गरज पडणार नाही, एवढे मला समजले आहे. वेरूळमुळे विदेशी पाहुणे येण्याची शक्यता आहे आणि त्यांच्या आगमनाची माहिती 24 तासांत कळवावी लागते. हे काम घर सांभाळणाऱ्या माणसाला जमेल असे वाटत नाही, म्हणून ते मी परभणीहून ऑनलाइन करीन.

शेवटचा प्रश्न तिघांच्या मालकीचा आहे. खरेदीखतात प्रत्येकाचा एक तृतीयांश हिस्सा स्पष्ट लिहावा आणि त्यासोबत वेगळा करारनामा करावा, असे मी सुचवले आहे. सणांच्या तारखा आळीपाळीने कशा वाटायच्या, देखभालीसाठी संयुक्त खात्यात दरमहा किती भरायचे, एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास त्याचा हिस्सा आधी उरलेल्या दोघांना कोणत्या पद्धतीने ठरवलेल्या किमतीत द्यायचा आणि आपल्यापैकी कोणी गेल्यास वारसांनी काय करायचे, हे सर्व त्यात असावे. दादाला हे आवडले नाही, सख्ख्या भावंडांत करार कशाला, असे तो म्हणतो. माझ्या मते आज गोडीत आहोत तेव्हाच हे लिहून ठेवले पाहिजे, कारण उद्या प्रश्न आमच्या मुलांचा असेल आणि त्यांना आमचे तोंडी बोलणे माहीत नसेल. असा करार कोणी केला असल्यास त्यातले कोणते कलम उपयोगी पडले आणि कोणते सुटून गेले, हे कृपया लिहावे.

भर (आलेले प्रतिसाद वाचल्यानंतर): सर्वांचे मनापासून आभार. गावठाणातले, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरचे (म्हणजे सातबाराऐवजी ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीतले) घर स्वस्तात मिळेल ही सूचना पोहोचली, पण कर्ज घ्यायचे असल्याने आणि सातबारा नसलेल्या घरासाठी बँकेने उत्साह न दाखवल्याने तो मार्ग सोडला आहे. एका सदस्यांची सूचना मात्र आम्हा तिघांना पटली. खरेदी न करता हेच घर आधी 11 महिन्यांच्या नोंदणीकृत भाडेकराराने घ्यावे, पाहुण्यांना देण्याची मुभा करारात लिहून घ्यावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा पाहून मग ठरवावे, असे त्यांनी सुचवले होते. मालक महिना 18 हजारांना तयार आहेत, पण त्यांना त्यासोबत खरेदीचा इसार (आगाऊ रक्कम) म्हणून 2 लाख रुपये आत्ताच हवे आहेत. फेरफाराची नक्कल आणि ओलीची दुरुस्ती यांपैकी काहीही समाधानकारक न निघाल्यास हा इसार पूर्ण परत मिळेल, अशी अट कोणत्या शब्दांत घालावी आणि इसाराचा करार भाडेकरारापासून वेगळा नोंदवावा का? ताई येत्या आठवड्यात वकिलांना भेटणार आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.