कोडिंग बूटकॅम्पची फी भरावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अकाउंट्सच्या कामातून प्रोग्रॅमिंगकडे वळायचं मी पक्कं केलंय. साठवलेले पैसे बूटकॅम्पमध्ये, म्हणजे थोड्या महिन्यांत कोडिंग शिकवणाऱ्या कोर्समध्ये, घालावेत का, एवढंच ठरत नाहीये.

शिकायचं साहित्य फुकट मिळतं. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स मी करतेच आहे. चौथ्या आठवड्यातले पॉइंटर्स (मेमरीतला पत्ता साठवणारे व्हेरिएबल) डोकं खातात, पण गोडी लागली आहे. फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट या फुकट कोडिंग शिकवणाऱ्या वेबसाइट्सही आहेत. मग फी द्यायची ती शिस्तीसाठी, आपला कोड वाचून चुका दाखवणाऱ्या माणसासाठी आणि ओळखींसाठी, असं मला वाटतं.

खरी शंका प्लेसमेंटच्या टक्केवारीबद्दल आहे. मधेच सोडून गेलेले त्यात धरतात का? अर्धवेळ काम, किंवा त्याच संस्थेत शिकवायला ठेवून घेतलेली मुलंही 'नोकरी लागली' यातच येतात का? शिवाय २०२२ नंतर टेक कंपन्यांत मोठी कपात झाली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर टू-यू (2U) या अमेरिकन ऑनलाइन शिक्षण कंपनीने आपले बूटकॅम्प बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या बॅचचे आकडे आज कितपत खरे मानायचे?

'नोकरी लागल्यावर पगारातून फी' हा पर्यायही आहे. पण कोडिंगशी संबंध नसलेली नोकरी लागली तरी हप्ते सुरू होतात का? एकूण वसुलीला मर्यादा असते का? करार वाचताना कुठे थांबून बघायचं?

गेल्या दोनेक वर्षांत कोणी बूटकॅम्प केला असेल, किंवा नवख्यांच्या मुलाखती घेत असेल, तर कृपया मोकळेपणाने सांगा. प्रमाणपत्राला किंमत असते, की स्वतः बांधलेले प्रोजेक्टच बघतात?