मदत हवी आहे: पोलिश माउझर रायफलींची नावं नेमकी कशी लिहायची?

नमस्कार मंडळी. १९३९ च्या पोलिश पायदळावर मराठीत लेख लिहितोय आणि त्यांच्या जर्मन माउझर धर्तीच्या रायफलींच्या नावांवर गाडी अडली आहे.

सगळ्यात मोठा घोळ '९८ए'चा. जर्मन कार-९८ए ही आखूड कार्बाइन, पण पोलंडमधल्या राडोमच्या कारखान्यात १९३६ पासून बनलेली पोलिश 'व्झ. ९८ए' ('व्झ.' म्हणजे नमुना) ही ७४० मिमी नळीची लांब रायफल. नाव जवळपास एकच, हत्यारं पार वेगळी! फोटोंखाली सर्रास अदलाबदल केलेली दिसते आणि ते मला फार खटकतं. पोलिश आखूड रायफल 'व्झ. २९' ची नळी ६०० मिमी. तिला कुणी कार-९८के ही जर्मन आखूड रायफल म्हणून मोकळं होतं. घोडदळाच्या व्झ. २९ चा बोल्टचा (गोळी भरण्यासाठी मागेपुढे करायच्या खटक्याचा) दांडा खाली वाकवलेला, पायदळाच्या रायफलीचा सरळ आडवा.

आता प्रश्न. पोलिश लष्कर लांब रायफलीला 'काराबिन' आणि आखूडला 'काराबिनेक' म्हणायचं. मराठीत हेच शब्द ठेवू की रायफल-कार्बाइन लिहू? 'व्झ.' तसाच ठेवायचा ना? आणि घोडदळाच्या व्झ. २९ ला अधिकृत वेगळं नाव होतं का? पोलिश वाचता येणाऱ्यांनी कृपया सांगा.