ओल्ड ट्रॅफर्ड पाडावे की आहे त्याच जागी वाढवावे?

टिळकवाडीकर (चर्चेचा प्रस्ताव)

इंग्लंडमधील फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेडने मार्च 2025 मध्ये जाहीर केले की आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाला लागूनच एक लाख प्रेक्षकांचे नवे स्टेडियम बांधले जाईल. त्याचा आराखडा वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेचा आहे आणि खर्चाचा अंदाज सुमारे 200 कोटी पौंडांचा आहे. नवे उभे राहिले की जुने पाडले जाईल, असेच आतापर्यंतच्या बोलण्यावरून दिसते. बेळगावच्या लेले मैदानावर जमणाऱ्या आमच्या मंडळींत यावरून सरळ दोन तट पडले आहेत, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडतो.

जुने मैदान पाडू नये, असे माझे ठाम मत आहे. ते 1910 मध्ये सुरू झाले, 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला आणि 1949 पर्यंत युनायटेडला आपले घरचे सामने मँचेस्टर सिटी या शेजारच्या क्लबच्या मेन रोड मैदानावर खेळावे लागले. तेव्हा दुसरीकडे जाण्यास याहून चांगले निमित्त मिळाले नसते, तरीही क्लबने त्याच जागी पुन्हा स्टँड उभे केले. 1958 मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात गेलेल्या युनायटेडच्या खेळाडूंची आणि इतरांची आठवण सांगणारे घड्याळ त्याच भिंतीवर आहे. 26 मे 1999 च्या मध्यरात्री शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून आम्ही बायर्न म्युनिकविरुद्धचा चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा तो अंतिम सामना पाहिला, शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांच्या गोलांनंतर सगळी गल्ली जागी केली आणि तेव्हापासून एकदा तरी ते मैदान डोळ्यांनी पाहायचे, असे मी मनाशी धरून आहे. नव्या स्टेडियमच्या छत्रीसारख्या छपराखाली बसून मला ते समाधान मिळणार नाही.

दुसरे कारण संघाचे आहे. 2013 मध्ये मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर मोयेस, व्हॅन हाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग आणि अमोरिम असे सहा कायम मॅनेजर नेमले गेले, पण प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेचे विजेतेपद एकदाही मिळाले नाही. 2024-25 च्या हंगामात संघ पंधराव्या क्रमांकावर घसरला. ज्या क्लबला चांगला बचावात्मक मिडफिल्डर आणि भरवशाचा गोलरक्षक हवा आहे, त्याने आधी तिकडे पैसा लावावा. दक्षिणेकडचा स्टँड वाढवून 87 हजारांपर्यंत प्रेक्षकसंख्या नेण्याचा पर्याय समोर आला होताच; तेवढे पुरेसे आहे.

खानापूरकर

दादा, तुमच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो की तुमचे दुसरे कारण मुळातच चुकीच्या समजावर उभे आहे. गेली दहाबारा वर्षे प्रीमियर लीगमध्ये जो नफा-तोट्याचा नियम चालत आला, त्यात तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा चालत नाही, मात्र स्टेडियम, युवा अकादमी आणि महिला संघ यांवरचा खर्च त्या हिशेबातून वगळला जातो. म्हणजे स्टेडियमवर खर्च केला म्हणून खेळाडू घेण्याची मुभा कमी होत नाही. उलट स्टेडियमचे वाढलेले उत्पन्न त्या हिशेबात जमेला धरले जाते, त्यामुळे पुढे खेळाडूंवर अधिक खर्च करता येतो.

आता मैदानाची अवस्था पाहा. मे 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर छपरातून पाण्याचे लोट प्रेक्षकांवर कोसळताना साऱ्या जगाने पाहिले. 2028 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी मँचेस्टरमधून सिटीचे मैदान निवडले गेले आणि ओल्ड ट्रॅफर्ड यादीबाहेर राहिले. आम्ही मित्र अनमोड घाट उतरून फातोर्ड्याला एफसी गोव्याचे सामने पाहायला जातो. ते मैदान युनायटेडच्या मैदानापुढे अगदी लहान आहे, पण 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी त्याची नीट डागडुजी झाली. हे मी पाहिले आहे, म्हणून इंग्लंडमधल्या एवढ्या श्रीमंत क्लबच्या चाहत्याला गळक्या छपराखाली बसावे लागते याचा मला राग येतो. फॉस्टर यांच्या म्हणण्याप्रमाणे नव्या स्टेडियमचे सुमारे 160 भाग आधीच बनवून शिप कॅनॉल या जवळच्या कालव्यातून आणता येतील आणि काम दहाऐवजी पाच वर्षांत होईल. शिवाय जुने मैदान तोपर्यंत चालू राहील. आजच्या 74 हजारांहून 26 हजार जादा खुर्च्या आणि घरचे 19 लीग सामने धरले तर दर हंगामात जवळपास पाच लाख जादा तिकिटे होतात. हे उत्पन्न दक्षिणेचा स्टँड वाढवून मिळणार नाही.

वडगावकर

मी स्थापत्य अभियंता आहे आणि युनायटेडची चाहती नाही, तेव्हा फक्त बांधकामापुरते बोलते.

दक्षिण स्टँड वाढवावा हे म्हणणे सोपे आहे, पण त्या स्टँडच्या पाठीला लागूनच लोहमार्ग गेलेला आहे. 1996 मध्ये उत्तरेचा स्टँड तीन मजली झाला, 2000 च्या सुमारास पूर्व आणि पश्चिम बाजू वाढल्या आणि 2006 मध्ये उत्तरेकडचे दोन्ही कोपरे भरले गेले. एवढी कामे झाली तरी दक्षिण बाजू एकाच मजल्याची राहिली, याचे कारण कोणाची अनास्था नसून तो लोहमार्ग आहे. चालू रुळांवर स्टँडचा भार पेलणारी बांधणी करायची तर रेल्वेच्या परवानगीने, रात्रीच्या मोजक्या तासांत, कित्येक महिने काम करावे लागते. त्या काळात त्या बाजूच्या खुर्च्या बंद राहतात आणि तिकिटांचे उत्पन्न बुडते. त्यातच उरलेल्या तीन स्टँडचे छप्पर, मलवाहिन्या आणि विजेच्या तारा बदलायच्या राहतातच.

जुन्या मैदानाची डागडुजी म्हणजे स्वस्त आणि लवकर, असे कोणी धरून चालू नये. बार्सिलोनाने आपल्याच जागी कॅम्प नोउची पुनर्बांधणी काढली, 2023 पासून मोंटजुइकच्या लहान स्टेडियममध्ये खेळायला सुरुवात केली आणि 2024 च्या अखेरीस घरी परतण्याचे वेळापत्रक चुकवून ते नोव्हेंबर 2025 मध्ये परतले, तेही पूर्ण क्षमतेने नव्हे. शेजारच्या मोकळ्या जागेवर नवे बांधणे अभियंत्याच्या दृष्टीने पुष्कळ सोपे असते.

शहापूरकर

मी आर्सेनलचा चाहता आहे, त्यामुळे या प्रसंगातून आम्ही गेलेलो आहोत आणि त्याची किंमतही मोजलेली आहे.

हायबरी या आमच्या जुन्या मैदानात सुमारे 38 हजार प्रेक्षक मावत होते. 2006 मध्ये आम्ही 60 हजारांच्या एमिरेट्स या नव्या मैदानात आलो आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे मॅनेजर वेंगर यांना कर्जाचे हप्ते डोळ्यांपुढे ठेवून संघ उभा करावा लागला. आमच्या मोठ्या खेळाडूंपैकी 2007 मध्ये हेन्री बार्सिलोनाला गेला, 2011 मध्ये फाब्रेगास गेला आणि 2012 मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी नेमका तुमच्याच क्लबकडे आला, त्याच हंगामात तुम्ही फर्ग्युसन यांचे तेरावे आणि शेवटचे लीग विजेतेपद जिंकलेत. 2005 च्या एफए चषकानंतर 2014 पर्यंत आमच्याकडे एकही चषक आला नाही. खानापूरकरांनी सांगितलेला नियम बरोबर आहे, पण नियमातून सूट मिळाली म्हणून बँकेचा हप्ता माफ होत नाही. खात्यात रोख रक्कम नसेल तर मुभा असूनही खेळाडू घेता येत नाही.

तरीही पुन्हा निवडायची वेळ आली तर मी एमिरेट्सच निवडीन. 2023 मध्ये 10 कोटी पौंडांहून अधिक देऊन डेक्लन राईसला आणणे हायबरीत राहून आम्हाला जमले नसते. मात्र त्या कोरड्या वर्षांत बोर्डाने वेंगर यांना हटवले नाही, म्हणून दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळत राहिली आणि तिच्या पैशावर हप्ते फिटले. सहा मॅनेजर बदलणाऱ्या क्लबला तो काळ सोसेल का, याची मला खरोखर काळजी वाटते.

निपाणीकर

शहापूरकरांच्या शेवटच्या वाक्यापाशी सगळे प्रकरण येऊन थांबते असे मला वाटते, म्हणून थोडे लांब लिहितो. मी लिव्हरपूलचा आहे.

आमच्याकडेही स्टॅनली पार्कमध्ये नवे स्टेडियम बांधण्याचा बेत कित्येक वर्षे चालला होता. 2010 मध्ये आलेल्या मालकांनी 2012 मध्ये तो सोडून दिला आणि आमचे जुने मैदान अ‍ॅनफिल्डच वाढवायचे ठरवले. 2016 मध्ये मुख्य स्टँड उभा राहिला, त्यानंतर अ‍ॅनफिल्ड रोडच्या बाजूचा. या दुसऱ्या कामात ठेकेदार कंपनी दिवाळखोरीत गेल्याने वरचा मजला उशिरा खुला झाला, तरी आज 61 हजार लोक त्याच मैदानावर बसतात. म्हणजे टिळकवाडीकर म्हणतात तो मार्ग चालण्याजोगा आहे, हे मला मान्य आहे. अ‍ॅनफिल्डच्या पाठीमागे लोहमार्ग नव्हता, घरे होती, आणि ती विकत घेऊन रिकामी करताना तेथील रहिवाशांना फार सोसावे लागले, हेही सांगितलेच पाहिजे.

परंतु लिव्हरपूल विजेते झाले ते स्टँडमुळे नव्हे. ऑक्टोबर 2015 मध्ये क्लॉप मॅनेजर म्हणून आले तेव्हा खेळाडू कोणते घ्यायचे, हे ठरवणारी माणसे क्लबमध्ये आधीपासून होती. मायकेल एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी आकडेवारी पाहून निवड करत आणि मॅनेजरशी बोलून निर्णय घेत. जानेवारी 2018 मध्ये कुतिन्हो बार्सिलोनाला गेला, त्याच महिन्यात बचावपटू व्हॅन डाइक आला आणि उन्हाळ्यात गोलरक्षक अ‍ॅलिसन आला. 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग आणि 2020 मध्ये लीग मिळाली. 2024 मध्ये क्लॉप गेले, आर्ने स्लॉट आले आणि जवळजवळ त्याच संघाने 2025 ची लीग जिंकली, कारण तो संघ एका मॅनेजरच्या मर्जीवर बांधलेला नव्हता.

आता तुमच्या अँटनी या खेळाडूचा हिशेब घ्या. टेन हाग आधीच्या आयाक्स क्लबमध्ये त्याला ओळखत होते म्हणून 2022 मध्ये सुमारे 8.2 कोटी पौंड देऊन त्याला आणले. पाच वर्षांच्या करारावर ती रक्कम वाटली तर दरवर्षी 1.64 कोटी खर्ची पडतात. तीन वर्षांनी वह्यांत त्याची किंमत जवळपास 3.3 कोटी उरली आणि तो स्पेनच्या बेटिस क्लबला सुमारे 2.2 कोटींना विकला गेला. म्हणजे आधीच्या खर्चावर आणखी कोटीभर पौंडांची खोट आली. पुढे अमोरिम आले, त्यांना मागे तीन बचावपटू आणि बाजूने धावणारे दोन विंगबॅक हवे होते, आणि क्लबकडे चार बचावपटूंच्या मांडणीसाठी जमवलेले खेळाडू होते. स्टेडियम 74 हजारांचे असो की एक लाखाचे, अशा खरेदीला कोणतेच उत्पन्न पुरत नाही.

लंडनच्या टॉटनहॅम क्लबने 2018 च्या उन्हाळ्यात एकही खेळाडू घेतला नाही, 2019 च्या एप्रिलमध्ये 62 हजारांहून अधिक क्षमतेच्या नव्या स्टेडियममध्ये प्रवेश केला आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरीही गाठली. पण नोव्हेंबरमध्ये मॅनेजर पोचेटिनो यांना काढले आणि त्यानंतर घडी बसलीच नाही. 2024-25 मध्ये ते सतरावे आले. बिल्बाओच्या युरोपा लीग अंतिम सामन्यात त्यांनी पंधराव्या क्रमांकाच्या युनायटेडला हरवले, तेव्हा मैदानात एक संघ नव्या स्टेडियमचा होता आणि एक जुन्या स्टेडियमचा.

खानापूरकर

निपाणीकरांचा अँटनीचा हिशेब मी मान्य करतो, पण त्यातून नवे स्टेडियम नको हे सिद्ध होत नाही. दोन्ही कामे वेगवेगळी माणसे करतात. बांधकामाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपले काम थांबवल्याने खेळाडूंची निवड सुधारणार नाही.

टिळकवाडीकर

वडगावकर ताईंनी लोहमार्गाविषयी जे लिहिले त्याचा मी इतका खोलवर विचार केला नव्हता. 87 हजारांचा पर्याय मला वाटला तितका सरळ नाही, हे कबूल करतो. नफा-तोट्याच्या नियमाबाबतही खानापूरकरांचे बरोबर आहे आणि माझे विधान त्या प्रमाणात मी मागे घेतो.

परंतु खानापूरकरांच्या पाच लाख तिकिटांचा हिशेब पुढे नेऊन पाहू. नोव्हेंबर 2024 मध्ये क्लबने हंगामाच्या मध्यातच सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर 66 पौंड केला आणि मुले व वृद्ध यांची सवलतही काढली. तोच दर धरला तरी पाच लाख तिकिटांचे सव्वातीन कोटी पौंडांच्या आसपास होतात. 200 कोटी पूर्णपणे कर्जाने उभे केले आणि व्याज सहा टक्के धरले, तर वर्षाचे नुसते व्याजच 12 कोटी होते. हा दर मी हिशेबापुरता गृहीत धरला आहे, पण तो निम्मा केला तरी जादा तिकिटांतून व्याज भागत नाही. मग उरलेली रक्कम महागड्या बंदिस्त कक्षांतून, संगीताच्या कार्यक्रमांतून आणि शेवटी सॅलफर्ड-स्ट्रेटफर्डच्या सामान्य प्रेक्षकाच्या खिशातून येणार. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तेव्हा खरेदीच्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी मारला गेला आणि त्याचे व्याज आजही क्लब भरतो आहे. तेच कुटुंब सर्वांत मोठे भागधारक असताना दुसऱ्या एवढ्या मोठ्या कर्जावर विश्वास ठेवणे मला जड जाते. 2024 आणि 2025 मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना कमी केले गेले, हे तर अगदी ताजे आहे.

तेव्हा माझी भूमिका आता अशी आहे. नवे स्टेडियम बांधायचेच असेल तर पहिल्या विटेआधी दोन गोष्टी लेखी जाहीर व्हाव्यात: कर्ज कोणाच्या नावावर राहणार आणि आज हंगामी तिकीट घेणाऱ्याला नव्या जागी कोणत्या दराने खुर्ची मिळणार. म्युनिकचे घड्याळ आणि त्याखालची भिंत जशीच्या तशी राखावी, ही माझी विनंती त्यात धरावी.

शहापूरकर

हायबरीचे पूर्व आणि पश्चिम स्टँड आम्ही पाडले नाहीत. त्यांच्या दर्शनी भिंती ठेवून आत घरे केली आणि मैदानाच्या जागी बाग राखली. एमिरेट्सला जाणारे कितीतरी चाहते आजही सामन्याआधी तेथून चालत जातात. टिळकवाडीकरांची तिसरी मागणी त्यामुळे अशक्य कोटीतली नाही. पहिल्या दोन मागण्यांचे उत्तर मात्र युनायटेडच्या मालकांनीच द्यायचे आहे.

वडगावकर

भिंत राखता येईल, फक्त ते आराखड्यातच ठरले पाहिजे. पाडकामाचा ठेका दिल्यावर एक भिंत वेगळी काढून उभी ठेवणे फार खर्चाचे होते.