सर्कशीतून वाघ-सिंह काढले ते बरोबरच झालं का?

लोहेकर
परवा पोराला घेऊन माळेगावच्या यात्रेला गेलतो. खंडोबाचं दर्शन झालं, घोड्यांचा बाजार बघितला, रेवड्या घेतल्या. मौत का कुआँमधी दोन पोरं हात सोडून फटफटी फिरवायलेली. पोरगं म्हणालं, "पप्पा, वाघ कुठाय?" काय सांगू त्याला?
मी सातवीत असताना नांदेडला सर्कशीत सिंह बघितला होता. आजबी त्याची डरकाळी आठवली की पोटात गोळा येतो. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली. दामू धोत्रे अमेरिकेत जाऊन वाघ-बिबट्यांचे खेळ करून आले. ही मराठी माणसाची विद्या होती, एका कागदानं संपली. कडक नियम करा, तपासणी करा, पण सरसकट बंदी कशाला?

उदगीरचा ढोर-डॉक्टर
लोहेकर, तुम्ही तंबूच्या आतून बघितलं, आम्ही मागून. परभणीला पशुवैद्यकीयला असताना एका सर्कशीत सरांसोबत गेलो होतो. वाघिणीच्या पिंजऱ्याला चाकं होती आणि ती वळली की शेपूट गजाला लागायची. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं, आम्ही होतो तोवर तेच चाललं होतं. पायाच्या गाद्या मुतात भिजून सोललेल्या. तपासणी म्हणता, ती करणार कोण? सर्कस आठ दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात.
आणि "एका कागदानं" नाही बरं का. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातच सरकारला तो अधिकार आहे. तो वापरून १९९८ च्या ऑक्टोबरात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह या पाचांचे खेळ बंद केले. सर्कसवाले कोर्टात गेले. आधी केरळ हायकोर्टात हरले, २००१ साली सुप्रीम कोर्टात. हत्तीचं नाव त्या यादीत नव्हतं म्हणून तो बिचारा पुढं कितीतरी वर्षं स्टुलावर बसत राहिला.

लोहेकर
डॉक्टरसाहेब, मग त्या वाघ-सिंहांचं पुढं काय झालं तेबी सांगा की. जंगलात सोडले का?

उदगीरचा ढोर-डॉक्टर
जंगलात कसे सोडणार? शिकार येत नाही त्यांना. बन्नेरघट्टा, तिरुपती, भोपाळ अशा ठिकाणी केंद्रं केली, तिथं ठेवले. सर्कशीतले बरेचसे सिंह आफ्रिकन आणि गीरच्या सिंहांच्या संकरातले, त्यामुळं त्यांची पैदास करायची नाही असं ठरलं. म्हातारे होऊन गेले. पण गाडीवरच्या पिंजऱ्यापेक्षा बरंच.

शंकरपट_हिंगोली
मला एवढंच सांगा, २०११ ला त्याच यादीत बैल कसा घातला? वाघ आणि बैल एकच का? पटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, किती वर्षं हेलपाटे घातले आम्ही! शेवटी राज्यानं कायदा बदलला, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं तो मान्य केला. मोठ्या शेतकऱ्यांचा आवाज होता म्हणून झालं. नंदीबैलवाल्याकडून कोण कोर्टात जाणार? पाऊस पडेल का म्हणून गुबूगुबू वाजवत मान हलवायला लावणारा बैल कागदावर गुन्हेगार आन् पट पळणारा हिरो.

पैठणची मावशी
पटाचा विषय इथं नको रे बाबा, चारशे प्रतिसाद होतील.

वाटसरू
सगळ्यांचं वाचलं. आम्ही दरवेशी, अस्वलाचा खेळ करणारे. माझ्या आज्याकडं अस्वल होतं. लोहेकर दादा, तुमच्या गावातबी आला असंल तो. लेकरू भितंय म्हणून अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, केस उपटून ताईतात घालायचे, पायलीभर ज्वारी द्यायचे.
आता जे आम्ही कुणाला सांगत नव्हतो ते सांगतो. पिल्लू आणायचं म्हणजे आधी त्याची माय मारलेली असायची. थोडं मोठं झालं की तापलेल्या सुईनं नाकाडाला वरून भोक पाडायचे आणि त्यातून दोरी ओवायचे. भूल नाही, काही नाही. जखम भरत आली की दोरी ओढली की परत ओली. सुळे पाडलेले. ते "नाचतंय" म्हणजे दोरीच्या कळीनं उभं राहतंय. म्हणून बंदी चुकली असं मी म्हणणार नाही.
पण अस्वल नेलं त्या दिवशी आज्याला कुणी इचारलं नाही की म्हाताऱ्या, उद्या काय खाणार? अस्वलाला केंद्र मिळालं, जांभळं-मध मिळालं. आमच्या घराला जागा नव्हती, रेशनकार्ड नव्हतं. बाप लातुरात हमाली करून गेला. अस्वलाची सोय ज्यांना सुचली त्यांना माणसाची का सुचली नाही, हे कुणीतरी सांगा.

उदगीरचा ढोर-डॉक्टर
याचं उत्तर माझ्याकडं नाही, दादा. काही ठिकाणी अस्वल नाचवणाऱ्या कलंदर लोकांना रिक्षा, शिलाई मशीन दिल्या संस्थांनी. सगळ्यांपर्यंत ते पोचलं नाही हे खरंय.

लोहेकर
वाटसरू, आमच्या वाड्यावर अस्वल यायचं. मला बसवलं होतं त्याच्या पाठीवर, ताईतबी होता. नाकातली दोरी दिसायची, पण ती बैलाच्या वेसणीसारखी असंल असं वाटायचं. नियम करून खेळ ठेवा म्हणालो ते अस्वलापुरतं मागं घेतो. सर्कशीच्या सिंहाचं अजून पटलं नाही.

पैठणची मावशी
पोराला वाघच दाखवायचा तर संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात ने की.

शंकरपट_हिंगोली
मावशी, तिथं काय मोकळा फिरतो का? पिंजराच की तो बी.

पैठणची मावशी
पिंजराच, पण चाबूक नाही. आणि तिकीट काढून आत गेलास की खडे मारू नको म्हणावं पोराला.