मदत हवी आहे: लॅपटॉपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हरवर फाइल सापडत नाही

रातपाळी
नमस्कार. तिमाही नोंदींची एक फाइल वाचून तिच्यावरून अहवाल तयार करणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. लॅपटॉपवर तो दोन महिने बिनतक्रार चालला. सर्व्हरवर ठेवल्यापासून मात्र 'फाइल सापडत नाही' एवढेच सांगतो. फाइल जागेवर आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. पाथमधला, म्हणजे फाइलच्या पत्त्यातला, स्लॅश बदलूनही पाहिला, उपयोग शून्य. अहवाल उद्या सकाळी द्यायचा असल्याने 'आधी शोधून पाहा' असा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

कळफलक
भाषा कोणती, दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, आणि स्लॅश नेमका कोणत्या ओळीत बदलला, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. पाथची ओळ जशीच्या तशी द्यावी.

जुनेखोड
या दुखण्याचे मूळ विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि पुढे झुकलेला स्लॅश आज्ञांचे पर्याय देण्यासाठी आधीच अडकलेला होता. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा नावांमधला विभाजक म्हणून बॅकस्लॅश (\) घ्यावा लागला. तरीही विंडोज आतून बहुतेक ठिकाणी दोन्ही स्लॅश स्वीकारते, म्हणून पुढचा स्लॅश सर्वत्र वापरावा, हे मी कित्येक वर्षे सांगत आलो आहे.

लांबनाव
विंडोजवर पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला तरी असेच होते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) एक नोंद बदलून ही मर्यादा उठवता येते, मात्र प्रोग्रॅमनेही तशी तयारी जाहीर केलेली असावी लागते.

कळफलक
लांबनाव, अडचण लॅपटॉपवर नाही, सर्व्हरवर आहे.

रातपाळी
भाषा पायथन, लॅपटॉपवर विंडोज, सर्व्हरवर अर्थातच लिनक्स. वाचण्याचा पाथ आता 'माहिती/दुसऱ्या_तिमाहीची.सीएसव्ही' असा आहे. लिहिण्याच्या ओळीत 'अहवाल\दुसऱ्या_तिमाहीचा.सीएसव्ही' असे आहे, पण तक्रार वाचण्याबद्दल असल्यामुळे तिला मी हात लावलेला नाही. संध्याकाळी मी स्वतः चालवला तेव्हा त्रुटी आली नाही, फक्त अहवालाचे फोल्डर रिकामे राहिले. त्रुटी रात्रीच येते.

अर्धविराम
तुमच्या फाइलच्या नावात 'ऱ' आहे, तिकडे लक्ष द्यावे. हे अक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीत) एका कोडनेही लिहिता येते आणि 'र' अधिक नुक्ता असे दोन कोड जोडूनही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावे सुटी करून साठवत असे. तशी फाइल लिनक्सवर आणली की डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे लिनक्सला वेगळी वाटतात. शिवाय तिथे नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइटची असते आणि ते कोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट घेतो, म्हणजे ८५ कोडांत नाव संपते, आणि त्यात काने-मात्राही मोजल्या जातात.

कळफलक
माहिती मोलाची आहे, पण 'ऱ' फक्त रात्री बिघडत नाही. रातपाळी, रात्री हा प्रोग्रॅम कोण चालवते?

रातपाळी
क्रॉन, ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी लिनक्सची सेवा. ते सांगायला हवे होते का?

कळफलक
सर्वांत आधी. तुमच्यासारखा रिलेटिव्ह, म्हणजे मुळापासून न लिहिलेला, पाथ प्रोग्रॅमच्या फाइलपासून मोजला जात नाही, तो चालू फोल्डरपासून, म्हणजे आज्ञा जिथून दिली तिथून, मोजला जातो. तुम्ही त्या फोल्डरमध्ये जाऊन आज्ञा देता म्हणून 'माहिती' सापडते. क्रॉन मात्र वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून काम सुरू करतो आणि तिथे 'माहिती' नावाचे काही नाही. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत चालू फोल्डर छापून पाहा, सकाळी लॉगमध्ये उत्तर मिळेल.

जुनेखोड
मग ॲब्सोल्यूट, म्हणजे मुळापासून पूर्ण, पाथ लिहून मोकळे व्हावे.

उंबरठा
म्हणजे लॅपटॉपसाठी एक प्रत आणि सर्व्हरसाठी दुसरी, असेच ना? त्यापेक्षा क्रॉनच्या ओळीतच आधी 'सीडी' या आज्ञेने योग्य फोल्डरमध्ये जावे आणि मग प्रोग्रॅम चालवावा. कोडला हात लावावा लागत नाही.

कळफलक
आणि उद्या तोच प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी दुसरीकडून चालवला की पुन्हा हाच धागा. २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून पायथनमध्ये पाथ हाताळणारे पाथलिब हे मॉड्यूल आहे. दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोअर असलेल्या 'फाइल' या चलावरून पाथ तयार करून 'रिझॉल्व्ह' करावा, त्याचा 'पॅरेंट' घ्यावा आणि पुढचे तुकडे स्लॅश चिन्हाने जोडावेत. ज्या सिस्टिमवर जो विभाजक चालतो तो तिथे आपोआप पडतो. मात्र जोडायच्या तुकड्याची सुरुवात स्लॅशने करू नये, नाहीतर तो ॲब्सोल्यूट धरला जातो आणि त्याच्या आधीचे सगळे मुकाट्याने टाकून दिले जाते.

उंबरठा
माहितीची फाइल कोडच्या शेजारी असणे मला पटत नाही. तिचा पाथ प्रोग्रॅमला बाहेरून द्यावा. पण उद्या सकाळची घाई पाहता कळफलक यांचा उपाय चालेल.

रातपाळी
वाचण्याची ओळ तशी बदलली, क्रॉनला पाच मिनिटांनंतरची वेळ दिली आणि त्रुटी गेली. अहवालाचे फोल्डर मात्र अजून रिकामेच आहे. उलट प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये 'अहवाल\दुसऱ्या_तिमाहीचा.सीएसव्ही' अशा एकेरी अवतरणांतल्या नावाची एक विचित्र फाइल दिसते आहे, आणि होममध्येही आत्ता तशीच एक उगवली आहे. त्या दोन्ही काढून टाकू का?

कळफलक
थांबा, काढू नका. लिनक्समध्ये बॅकस्लॅश हे विभाजक नसून नावातले एक साधे अक्षर आहे, त्यामुळे तुमच्या न बदललेल्या ओळीने फोल्डरमध्ये फाइल ठेवण्याऐवजी त्या लांबलचक नावाची एकच फाइल चालू फोल्डरमध्ये तयार केली. हाताने चालवल्यावर ती प्रोग्रॅमपाशी पडली, क्रॉनने चालवल्यावर होममध्ये. तोच तुमचा अहवाल आहे. फाइलचे नाव इंग्रजी 'टी'ने सुरू होत असते तर पायथनने बॅकस्लॅश-टी जोडीचा टॅब केला असता आणि नाव ओळखूही आले नसते. होममधली फाइल 'एमव्ही' या आज्ञेने योग्य जागी हलवा. आज्ञेत नाव एकेरी अवतरणांतच लिहा, अन्यथा शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) तो बॅकस्लॅश गिळून टाकेल.

रातपाळी
हलवली, उघडली, सर्व ओळी आहेत. लिहिण्याची ओळही आता पाथलिबने केली आहे. क्रॉनचा उल्लेख पहिल्याच प्रतिसादात करायला हवा होता, हे मान्य.

लांबनाव
रजिस्ट्रीतली ती नोंद बदलून पाहिलीत का?